विमान कोणाकडे होतं?

विमान वर नेणं कुणालाही जमतं. धावपट्टीवर सरळ पळवलं, दांडी हलक्या हातानं ओढली की ते बिचारं आपसूक उडतं. त्यासाठीच तर त्याला बनवलेलं असतं. माणसाची जिरते ती खाली येताना. जमीन जवळ आली की चांगली शहाणीसुरती माणसं भलतंसलतं वागायला लागतात. कुणी दांडीचा गळा आवळतो, कुणी श्वास रोखून बसतो, एका वकिलानं तर चक्क डोळे मिटले होते. आणि विमान म्हणजे काही बैल नव्हे, धनी झोपला तरी घरची वाट धरायला.

अशा मंडळींच्या शेजारी बसून त्यांना खाली उतरायला शिकवणं हे तिचं काम. क्लबात तिला सगळे मॅडम म्हणत, घरी सासूबाई 'अगं' म्हणत, आणि नुकतंच वर्ष पुरं झालेली गुंडी नुसतं 'आ' म्हणे. गुंडी म्हणजे तिची लेक. जन्मली तेव्हा इतकी गोल होती, की आजीनं बघताक्षणी म्हटलं, "ही तर शर्टाची गुंडी!" तेच चिकटलं.

क्लबाचं विमान दोन माणसांचं, अगदी खांद्याला खांदा लागेल एवढं. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारी. दोघांपुढे एकेक दांडी, दोघांच्या पायाशी पेडलं, आणि सगळं आतून एकमेकांना जोडलेलं. शिकणाऱ्यानं पेडल दाबलं की तिच्याही पायाखालचं हलायचं. म्हणून शिकवणाऱ्यानं हातपाय जवळ ठेवायचे, पण लावायचे नाहीत. लावायचेच झाले तर आधी तोंडानं बोलायचं: "माझ्याकडे." समोरच्यानं म्हणायचं, "तुमच्याकडे." तेवढं झाल्याशिवाय विमान एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

पूर्वी तिचा धीर क्लबात नावाजलेला होता. शिकाऊ माणूस विमानाला बेडकासारख्या उड्या मारायला लावत आणायचा आणि ही शेजारी हाताची घडी घालून, "हं, आता काय करायचं?" असं विचारायची. पण गुंडी झाली, रजा संपली, ती परत कामावर आली आणि काहीतरी बदललं. काय ते तिलाच कळलं नव्हतं. ती घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना कापडी पट्ट्या चिकटवायची, खिडक्यांच्या कड्या दोनदोनदा बघायची, झोपलेल्या लेकीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. ते सगळं घरीच राहतं अशी तिची समजूत होती.

तिचा आवडता विद्यार्थी होता दातांचे डॉक्टर. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, दवाखान्यातला पांढरा कोट काढून थेट क्लबात येणारे.

"जन्मभर वीतभर अंतरावर बघत आलोय, मॅडम," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. "आता जरा लांबचं बघायचंय."

आणि नेमकी तीच त्यांची अडचण. उतरताना त्यांची नजर विमानाच्या नाकाखालच्या जमिनीवर यायची, दाढेत बघावं तशी. तिनं सांगितलं, "डॉक्टर, पट्टीच्या पार टोकाला ते वाकडं झाड आहे ना, त्याच्याकडे बघा. बाकी जमीन आपोआप कळते."

"झाडाला तार लावायला हवी. लहानपणीच लावली असती तर सरळ झालं असतं."

"डॉक्टर!"

"बघतोय, बघतोय."

हळूहळू त्यांना जमायला लागलं. जमायला म्हणजे काय, बशीत कप ठेवावा तसं विमान टेकायचं. क्लबाचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे थोरले म्हणत, ते कचेरीच्या दारात उभे राहून बघायचे आणि तिला विचारायचे, "काय हो, ह्यांना एकटं कधी सोडताय?"

"सोडते ना. वारा जरा आडवा आहे."

"वारा काय, तो रोजचाच आहे."

डॉक्टरही चिडवायचे. "मॅडम, माझे पेशंट दाढ काढायला सुद्धा इतक्यांदा पुढची तारीख मागत नाहीत."

ती हसून वेळ मारून न्यायची. पण डॉक्टरांना एकटं वर जाताना डोळ्यांपुढे आणलं, की ती आणखी एक दिवस पुढे ढकलायची. उगाचच. माणूस तर इतकं सुंदर उतरवत होता!

त्या दिवशीही वारा डावीकडूनच होता, फार नाही. पट्टीशेजारची, वारा कुठून येतो ते दाखवणारी कापडी पिशवी अर्धवट फुगून डुलत होती. डॉक्टर छान आणत होते. चाकं टेकली, आणि वाऱ्यानं नाक किंचित डावीकडे ढकललं. विमानाची ही खोडच असते, वारा येईल तिकडे तोंड फिरवायचं. अशा वेळी उजवं पेडल दाबून धरायचं आणि नाक सरळ ठेवायचं, विमान थांबेपर्यंत.

नाक सरळ झालं. बरं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ते असं काही डावीकडे वळलं, की तिचं डोकं खिडकीवर आपटलं. पट्टीच्या कडेचा दिवा फाटकन फुटला, चाकं गवतात शिरली, एक पंख इतका कलला की आता जमिनीला लागतो की काय, आणि विमान मागे वळून बघणाऱ्या माणसासारखं उलट्या दिशेला तोंड करून थांबलं. पंख्याची दोन पाती हळू फिरत राहिली आणि मग तीही थांबली.

"लागलं का कुठं?" दोघांनी एकदमच विचारलं.

कुणालाच लागलं नव्हतं. डॉक्टरांचा चष्मा तेवढा उडाला होता. ते कपाळावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "तुम्ही घेतलं होतंत ना?"

"नाही! तुमच्याकडेच होतं ना?"

"मला वाटलं... पेडल हललं माझ्या पायाखाली. म्हटलं, मॅडमनी घेतलं. म्हणून मी पाय सोडला."

नाक सरळ झालेलं बघून तिनंही पाय सोडला होता. पण सोडला म्हणजे आधी दाबला होता. कधी दाबला? तिला आठवेना.

"मी चष्मा बघते तुमचा," असं म्हणून ती खाली वाकली. चष्मा पेडलांच्या मागे पडला होता. तो उचलताना तिला रबर दिसलं. चारही पेडलांवरची रबरं ती रजेवर असताना नवीन बसवलेली, एकाच दिवशी. डॉक्टरांच्या बाजूच्या रबरांवरचे चर अजून ठसठशीत होते. तिच्या बाजूच्या उजव्या पेडलाचं रबर मात्र जुन्या चपलेच्या टाचेसारखं गुळगुळीत झालं होतं. खरं तर शिकवणाऱ्याच्या बाजूचं नव्यासारखं राहायला हवं.

थोरले गवतातून धावत आले तोवर डॉक्टर खाली उतरले होते. "चूक माझी," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मीच पाय सोडला. साहेब, वय झालं हो. ह्या वयात नसते धंदे." आणि तिच्या हातातला चष्मा घेऊन, कोट खांद्यावर टाकून ते निघाले सुद्धा.

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. "विमान कोणाकडे होतं?"

तिनं आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. तेव्हा थोरलेच म्हणाले, "आता घरी जा. लेकीला बघा. उद्या बोलू."

घरी आली तेव्हा दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. पलंगावर गुंडी आणि खाली जमिनीवर आजी. गुंडी पलंगावरून एकटीनं उतरण्याच्या उद्योगात होती. आधी तोंड पुढे करून काठाशी आली, खाली वाकून बघितलं, बेत रद्द. मग स्वतःभोवती गोल फिरून पाठ केली आणि पोटावर आडवी होऊन एकेक पाय काठावरून खाली सोडायला लागली. पाय लोंबायला लागले. जमीन अजून वीतभर खाली होती, पण तिला ती दिसत नव्हती. चादर मुठीत धरून ती कुंथत होती.

"अहो आई, धरा ना तिला!" ती दारातूनच धावली.

"थांब गं! तिथंच थांब," सासूबाई म्हणाल्या. "पडली तर माझ्या मांडीवर पडेल."

तेव्हा तिचं लक्ष गेलं. सासूबाई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या.

"हे काय, आई? हात का असे?"

"अगं, मी काही मोठी धीराची नाही. मोकळे ठेवले की जातातच. तुझ्या नवऱ्याला मी असंच सारखं धरलं. घोडा झाला तरी कुठून उतरायचं म्हटलं की आधी हात पुढे करायचा. म्हटलं ह्या वेळी नको."

गुंडीचा अंगठा जमिनीला लागला. तिनं तो चटकन वर घेतला, पुन्हा लावला, मग दुसरा पाय, आणि चादरीसकट खाली बसली. बसल्याबसल्या मागे वळून दोघींकडे अशी काही बघायला लागली, की जणू जमीन तिनंच शोधून काढली.

सासूबाईंनी मांड्यांखालचे हात काढले. मुंग्या आलेले तळवे झटकत त्या म्हणाल्या, "तुझं तोंड का उतरलंय? आणि हे कपाळाला काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. रबराचंसुद्धा. सांगतासांगता रडू आलं तेव्हा गुंडी रांगत आली आणि तिच्या उजव्या पायावर बसली.

"त्या डॉक्टरांना हे माहीत आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. ते समजतात त्यांचंच चुकलं. आता येणार नाहीत ते."

"मग तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आधी थोरल्यांना सांगितलं. नोकरी जाणार असं धरूनच ती गेली होती. थोरल्यांनी ऐकून घेतलं, कानात काडी फिरवली आणि म्हणाले, "लेकरू झालं की होतं असं. बापांनाही होतं. मला झालं होतं. तेव्हाच्या मुख्य शिक्षकांनी माझ्या दोन्ही पायांशी एकेक शाईची दौत ठेवायला दिली होती. पाय हलला आणि सांडली तर विजार मीच धुवायची."

"मग?"

"मग काय, बायको म्हणाली विमान सोडा नाहीतर धोबी लावा." ते उठले. "चला. मी शिकाऊ, तुम्ही मॅडम."

आणि रात्रीतच तपासून ठीकठाक केलेल्या विमानातून ते तिला घेऊन वर गेले, आणि मुद्दाम जितकं वाकडंतिकडं उतरता येईल तितकं उतरले. प्रत्येक वेळी तिचे पाय शिवशिवायचे आणि थोरले समोर बघतच ओरडायचे, "बोलायचं आधी! तोंड दिलंय ना देवानं?" शेवटी शेवटी ती पाय सीटखाली ओढून, हात मांड्यांखाली घालून बसली. थोरल्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. "हे कुठं शिकलात?"

"सासूबाईंकडे."

"त्यांना क्लबात घेऊ या."

डॉक्टरांच्या दवाखान्यात ती दुपारी गेली. बाहेरच्या बाकावर गालाला रुमाल लावलेला एक माणूस तेवढा होता. तो गेल्यावर डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या लांबलचक खुर्चीतच बसवलं. खुर्ची आपोआप मागे गेली आणि डोक्यावर दिवा आला.

"दात दुखतोय?"

"नाही हो. सरळ करा ना ही खुर्ची, मला असं आडवं पडून सांगता यायचं नाही."

खुर्ची सरळ झाली. तिनं सांगितलं. काही न वगळता. वारा डावीकडून असला की उजवं पेडल ती दाबायची, रोज, नकळत. त्या दिवशी दाबलं आणि सोडलंही तिनंच.

डॉक्टरांना हायसं वाटेल असं तिला वाटलं होतं. ते मात्र हातातली पकड उगाच पुसत राहिले.

"म्हणजे ते बशीत कप ठेवल्यासारखं..." ते म्हणाले. "ते मी नव्हतोच?"

ती खुर्चीच्या काठावर सरकून बसली.

"घरी जाऊन सांगायचो मी हिला. आज काय उतरवलं म्हणून सांगू! ती बिचारी भाजी चिरायची थांबायची ऐकायला." त्यांनी पकड तबकात ठेवली. "उलट चूक माझी होती तेच बरं होतं, मॅडम. निदान काहीतरी माझं होतं."

"चूक माझी, डॉक्टर. पण नजर तुमचीच होती. दांडीला मी हात लावला नव्हता. जमीन कुठं आहे ते तुम्हीच ओळखत होता."

"आणि पाय?"

"पाय अजून कुणी बघितलेच नाहीत. मी बघू दिले नाहीत."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. समोरच्या इमारतीची भिंतच होती तिथं, हातभर अंतरावर. ते त्या भिंतीकडेच बघत म्हणाले, "मग माझं खरंखुरं वाईट उतरणं एकदा बघू तरी द्या मला."

डॉक्टर परत क्लबात आले त्या दिवशी वारा पुन्हा डावीकडूनच होता. तिनं तो टाळला नाही. पट्टे बांधले, पाय सीटखाली घेतले, हात मांड्यांखाली सरकवले. डॉक्टरांनी बघितलं आणि काही विचारलं नाही.

मनाशी तिनं एक रेघ आखून ठेवली होती. नाक पट्टीच्या कडेकडे वळलंच, तर बोलायचं आणि घ्यायचं. त्याच्या अलीकडे काहीही झालं तरी ते डॉक्टरांचं.

पहिलंच उतरणं भयंकर झालं. विमान धाडकन टेकलं आणि चेंडूसारखं वर उसळलं. नाक आभाळाकडे. अशा वेळी माणूस घाबरून दांडी पुढे ढकलतो, विमान नाकावर आपटतं, पुन्हा उसळतं, आधीपेक्षा जास्त, आणि मग ते कुणाचंच ऐकत नाही. डॉक्टरांचा हात पुढे जायला लागला. तिचे तळवे मांड्यांखाली तापले. तोंडात शब्द आला होता, 'माझ्याकडे', दातांच्या मागे येऊन थांबला होता.

डॉक्टरांचा हात थांबला.

"वर जातो!" ते ओरडले आणि त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला. विमान थरथरलं, पट्टी खाली सरकली, वाकडं झाड खालून गेलं.

"मॅडम," वर गेल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "हे कुणी केलं?"

"तुम्ही."

"नक्की?"

तिनं हात बाहेर काढून दाखवले. मांड्यांखाली दाबून ते पांढरेफटक पडले होते, सीटच्या शिवणीची नक्षी उठली होती त्यांच्यावर. डॉक्टर इतके हसले, की विमान थोडं डुललं.

पुढची उतरणी काही बशीत कप ठेवल्यासारखी झाली नाहीत. कप थोडा हिंदकळायचा, बशीत सांडायचा. पण नाक डावीकडे जायला लागलं की पेडल दाबलं जायचं, आणि दाबलेलं राहायचं. ती पायाशी बघत होती. तिच्या बाजूचं पेडल एकटंच खाली जात होतं, अदृश्य माणसानं दाबल्यासारखं. तो अदृश्य माणूस शेजारीच बसला होता आणि घामानं निथळत होता.

मग एकदा थांबल्यावर तिनं दार उघडलं.

"कुठं निघालात?"

"मला घरी काम आहे."

"मॅडम!"

"एक फेरी मारून या. झाडाकडे बघा. आणि आवडलं नाही तर वर जा, शंभरदा जा, पेट्रोल भरपूर आहे."

खाली उतरून ती वाकली आणि रिकाम्या सीटचा पट्टा ओढून घट्ट लावला, मोकळा राहून दांडीत अडकू नये म्हणून. ते तर नेहमीच करायचं असतं. पण लावून झाल्यावर तिनं त्यावरून एकदा हात फिरवला, गुंडीच्या गाडीतल्या सीटवरून फिरवते तसा. "येते," ती सीटलाच म्हणाली आणि दार लावलं.

थोरले कचेरीच्या दारातून निघून तिच्याशेजारी गवतात येऊन उभे राहिले. विमान गेलं. वर चढताना अगदी खेळण्यासारखं दिसायला लागलं. वळलं, दूर गेलं, पुन्हा वळलं. थोरल्यांनी खिशातून काजू काढून पुढे केले, ते तिनं घेतले नाहीत.

मग ते खाली यायला लागलं. पिशवी फुगली होती. वारा होता. चाकं टेकली, उसळली, जराशीच, पुन्हा टेकली, आणि नाक डावीकडे सरकायला लागलं.

तिच्या हातांची घट्ट घडी होती. तोंड मिटलेलं होतं.

नाक सरळ झालं. सरळच राहिलं. विमान हळू होत गेलं, अजून हळू, आणि पट्टीच्या अगदी मधोमध थांबलं. थांबून बराच वेळ तिथंच उभं राहिलं, पुढे यायलाच तयार नाही.

"काय करतायत?" तिनं घाबरून विचारलं.

"बसलेत," थोरले म्हणाले. "बसू द्या."

शेवटी डॉक्टर आले. खाली उतरल्यावर आधी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

"तुम्ही नव्हतात तर विमान कसलं भराभर चढलं हो, मॅडम!"

"मला जाड म्हणताय?"

"तसं नव्हे... म्हणजे... घरी फोन करू का? हिला सांगतो. ह्या वेळी खरं आहे."

"करा ना!"

ते फोन कानाला लावून पट्टीच्या कडेनं चालू लागले, आणि पलीकडून आवाज येताच कुणी ऐकू नये म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाठ केली. ती बघत राहिली. मग लेकीची आठवण होऊन घाईनं निघाली, तर थोरल्यांनी हाक मारली.

"अहो मॅडम, हे बघा."

ती उभी होती तिथलं गवत त्यांनी बोटानं दाखवलं. डाव्या पायाखालचं गवत नुसतं वाकलं होतं, अजून उभं राहत होतं. उजव्या पायाखाली मात्र टाचेपासून चवड्यापर्यंत मऊ मातीत खोल ठसा उमटला होता.

"दाबलंतच शेवटी," थोरले म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "पण ते कुठं जोडलेलं नव्हतं ना."